आधी माझी झडती

रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या झाल्या, की आमच्या खामगावकडे कापसाचा हंगाम लागला असं समजावं. कापसाची वाहनं इतकी फुगवून भरलेली असतात, की जाता जाता बाभळीचे काटे आपापला वाटा काढून घेतात. त्यांची झडती कोणी घेत नाही. परवा सकाळी कामावर जाताना यंदाचा पहिला पुंजका एका काट्यावर थरथरताना दिसला आणि दरवर्षीसारखा सरकीचा तो कच्चा, तेलकट वास नाकात आला. फॅक्टरी अजून बरीच लांब होती, तेव्हा वास आठवणीतलाच असणार. पण मी स्कूटी जरा हळू केली.

मी एका जिनिंग फॅक्टरीत काम करते. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, कापसातून सरकी एका बाजूला आणि रुई दुसऱ्या बाजूला करायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या, एवढाच तिथला उद्योग. पण त्या उद्योगाचा आवाज असा, की घरी जेवताना मी सगळ्यांशी ओरडून बोलते आणि माणसं विचारतात, काय झालं. हंगामात हवेत रुई तरंगत असते. ती पापण्यांवर बसते, चहात पडते, वेणीत अडकते. साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट घातलेल्या, नाकातोंडाला फडकं बांधलेल्या बायका दिवसभर कापूस लोटत असतात. तिथं माणूस ओळखायचा तो डोळ्यांवरून. मी हजेरी घ्यायला लागले तेव्हा पहिल्या काही दिवसांतच मला सगळ्यांचे डोळे पाठ झाले.

ही गोष्ट त्या पहिल्याच हंगामाची. नोकरी मला हवीच होती. आमचे बाबा शिंपी. बाजारपेठेच्या एका बोळात त्यांचं मशीन असायचं, पण त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि सुईत दोरा मीच ओवून देत होते. आई नव्हतीच. म्हणजे मी कमावलं तर चूल पेटणार होती. बाबा बायकांचे ब्लाउज शिवत, पण आयुष्यात कधी बाईच्या अंगाला टेप लावली नाही. जुना ब्लाउज आणायला सांगत. "माप कपडा सांगते, माणसाले कायले हात लावा?" असं म्हणत. आणि कापडाला कात्री लावायच्या आधी एक क्षण डोळे मिटत. मी लहानपणी विचारलं होतं, बाबा, काय म्हणता देवाला? तर म्हणाले, "काही नाही म्हनत. कापलेलं काही जुळत नाही पोरी, एवढं त्याच्यासमोर एकदा आठोतो." आमच्या घरात धर्म म्हणजे रविवारची उपासना, जेवणाआधीची प्रार्थना आणि हे कात्रीआधीचं डोळे मिटणं.

फॅक्टरीत मी एकटीच ख्रिस्ती होते. त्याचं कोणाला फारसं काही नव्हतं, पण चेष्टा व्हायची. हंगामाच्या मुहूर्ताला मशीनपुढे नारळ फुटला तेव्हा मी सगळ्यांबरोबर उभी राहिले, खोबरंही खाल्लं, फक्त मशीनला हात जोडले नाहीत. मुनीमजींनी ते बरोबर टिपलं. मुनीमजी म्हणजे हिशेब बघणारे जाडजूड, हसरे गृहस्थ, सकाळी मारुतीला जाऊन मगच कामावर येणारे. मी रविवारी दुपारून येण्याची परवानगी मागितली, तर म्हणाले, "तुमचा देव बरा आहे बुवा, हप्त्याले सुट्टी घेते. आमचा मारुती त हंगामात ओव्हरटाइम करून राह्यला." मी म्हटलं, "म्हनून त त्याले तेल लावा लागते, मुनीमजी." ते इतके हसले, की त्या दिवसापासून रविवारची परवानगी पक्की झाली. अशा गमतीजमतींत मी रुळले. धर्म खरा कुठं आडवा येणार आहे याची मला कल्पना नव्हती.

तो आला गेटवर. संध्याकाळी भोंगा झाला की बायका रांगेनं बाहेर पडत आणि गेटवर त्यांची झडती होई. साडीच्या ओच्यात, ब्लाउजात, अंबाड्यात कोणी रुई लपवली आहे का ते बघायचं. हे काम करणारी म्हातारी बाई त्याच साली गावी निघून गेली होती. ऑफिसात बाईमाणूस मी एकटी. मुनीमजी खाली मान घालून म्हणाले, आता हे तुमच्याकडे.

पहिल्या संध्याकाळी मी गेटवर उभी राहिले. रांगेत सगळ्यात पुढे देवकाबाई. उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळ कोरं, रुईच्या खोलीत झाडणीचं काम करणारी बाई. ती माझ्यासमोर आली आणि मी काही बोलायच्या आत तिनं दोन्ही हात वर केले, मान एका बाजूला वळवली आणि पलीकडच्या भिंतीकडे बघत राहिली. सवयीनं. बसमध्ये चढताना पदर खोचावा इतक्या सवयीनं.

दोन्ही हात वर करणं मला एकाच जागी माहीत होतं. उपासना संपताना पाळकसाहेब हात वर करून आशीर्वाद देतात, आणि आम्ही सगळे मान खाली घालून तो घेतो. माझ्यासमोर देवकाबाई तशीच उभी होती. माझे हात उचललेच गेले नाहीत. बाबांसारखे मी क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा ती तशीच उभी होती, आणि मागच्या बाईनेही तोवर हात वर केले होते.

"हात खाली घ्या, देवकाबाई," मी म्हटलं.

"काऊन? झडती नाही घेत काय?"

"नाही."

"मंग आमी जाऊ कशा?"

"जशा सकाळी आल्या तशा."

तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. गरिबाला फुकटात मान मिळाला की आधी त्याची भीतीच वाटते. ती सावकाश गेटबाहेर गेली आणि रस्त्यावर पोचल्यावर एकदा वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी मी सगळ्यांना सांगितलं. रुई शेठची आहे. घेतली तर ती चोरीच, तिला दुसरं नाव नाही. पण मी कोणाच्या अंगाला हात लावणार नाही. संध्याकाळी प्रत्येकीनं आपलं मन आपण तपासून बाहेर पडायचं. मागून कोणीतरी म्हणालं, "मन कोनत्या खिशात असते, मॅडम?" सगळ्या हसल्या, मीही हसले. मग मी गेटजवळ एक जुनं फडकं टांगून ठेवलं. त्यानं बायका एकमेकींच्या पाठीवरची रुई झटकायच्या आणि मग घरी जायच्या. पहिल्याच दिवशी मी एकीची पाठ झटकायला गेले, तर तिनं टोमणा मारला, "झटकाच्या बहान्यानं चाचपून राह्यल्या काय?" तेव्हापासून मी त्या फडक्याला हातही लावला नाही.

मला सोपं वाटत होतं असं नाही. दुसऱ्याच्या मालावर मी माझा विश्वास उधार देत होते, आणि हे मला चांगलं कळत होतं. देवाचं नाव घेऊन मनमानी करणारी माणसं मी पाहिली आहेत. आपण त्यातलेच तर नाही ना, हा प्रश्न मला घरी जाताना रोज पडायचा. पण दुसऱ्या दिवशी गेटवर ती रांग दिसली, की उत्तर पुन्हा तेच यायचं. हात लावायचा नाही.

त्या वर्षीचा नाताळ मला विशेष आठवतो. भोंगा झाल्यावर पाच-सहा बायका तशाच केसांत रुई घेऊन आमच्या दोन खोल्यांच्या घरी आल्या. बाबांना कोण कौतुक! त्यांनी स्वतः ताटल्या मांडल्या. करंज्या खाता खाता देवकाबाई कोपऱ्यात मांडलेल्या देखाव्याकडे एकटक बघत होती. मातीची गाय, मातीचा मेंढपाळ, मध्ये गवतावर निजवलेलं बाळ.

"तुमच्या देवाचा जनम गोठ्यात झाला म्हन्ते, खरं काय?"

"हो, खरं."

"आन् अंगाखाली निस्तं गवतच?"

"गवतच."

"टोचलं असन लेकराले," ती म्हणाली आणि करंजी ताटलीत ठेवली. "आमी विहारात जातो, आमाले तुमचं सारं नाही ठाऊक. पन बाळंतिणीच्या घरी कोनी फडकं देल्लं नाही म्हंजे लयच झालं."

बाबा म्हणाले, हे आम्हाला कोणी उपदेशातसुद्धा सांगितलं नव्हतं. देवकाबाईची लेक तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, हे मला माहीत होतं. पण दोन गोष्टी मी जोडल्या नाहीत. कोण जोडतो?

नाताळानंतर थंडी कडक पडली. एका संध्याकाळी बायका बाहेर पडत होत्या आणि गेटवरच्या जमादारानं देवकाबाईला हटकलं. शर्टाच्या खालून पांढरं डोकावत होतं. तिनं आपणच शर्टाखालून पुडकं काढलं. रुईच्या खोलीतलं झाडण, धूळ आणि सरकीची फोतरं मिसळलेलं, उशीभरसुद्धा नसेल. जमादारानं ते माझ्यासमोर धरलं. "घ्या मॅडम, हा तुमचा इमान."

मला राग आला. खूप राग आला. तिला हात वर करू दिले नाहीत म्हणून मी रोज दुसऱ्याच्या मालाची जोखीम घेत होते, आणि तिनंच माझं नाक कापलं होतं. तिला बाजूला घेऊन मी जवळजवळ ओरडले, "मागितलं असतं तर?"

"कोनाले मांगू?" तीही तितक्याच जोरानं बोलली. "मांगतलं त नाही म्हन्तेत, घेतलं त चोर म्हन्तेत. हे झाडण त हे लोक उकिरड्यात फेकून देतेत, मॅडम. लेकरू घरी जमिनीवर झोपून राह्यलं. गादी कराची होती मले." मग आवाज खाली आला. "तुमचं तोंड पाहून दोन डाव परत ठेवलं होतं. तिसऱ्यांदा नाही ठेवलं."

माझा राग गेला नाही. पण त्याच्याच शेजारी तो नाताळचा देखावा येऊन बसला. टोचलं असन लेकराले. आता दोन्ही एकदम मनात घेऊन मी शेठसमोर उभी राहिले.

शेठ वाईट माणूस नव्हता. मला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. म्हणाला, "मार्थाबाई, आपण भली बाई आहे. पण भलेपणा चर्चमध्ये ठेवायचा. इथं माल आहे."

"शेठ, चर्चमध्ये चोरण्यासारखं काही नसतंच," मी म्हटलं. "तिथं भलं राहायला काय लागतं?"

त्याला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं. उद्यापासून झडती सुरू करा, नाहीतर परवापासून येऊ नका, असं तो अगदी शांतपणे बोलला. देवकाबाईचं काय ते उद्या बघू.

"नियम असेल तर करते," मी म्हटलं. "पण नियम गेटचा आहे. मग गेटमधून जाणाऱ्या सगळ्यांचा."

"घ्या ना सगळ्यांची," तो हात झटकून म्हणाला. त्याला वाटलं, मी हरले.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. नोकरी गेली तर काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. डोळ्यांसमोर धरलेला हातही त्यांना धूसर दिसत होता. ते घरी आणून ठेवलेल्या मशीनच्या बंद झाकणावर बोटं फिरवत बसले. मग म्हणाले, "कात्री लावाची वेळ आली त लाव. पन डोळे मिटून मंग." एवढंच. ते जेवायला बसले आणि मीठ कमी आहे म्हणाले.

दुसऱ्या संध्याकाळी भोंगा झाला. झडती होणार हे बायकांना कळलं होतं. देवकाबाई सगळ्यात शेवटी उभी होती, कारण तिला येऊ नको असं कोणी म्हटलं नव्हतं. शेठ ऑफिसच्या दारात होता. मी गेटवर गेले, डोळे मिटले, उघडले आणि मोठ्यानं हाक मारली, "देवकाबाई, इकडे या. माझी झडती घ्या."

"मी?" ती जागची हलेना. "म्या काऊन?"

"बाईची झडती बाईनंच घ्यायची. मला तपासायला इथं दुसरं आहे कोण?"

आणि मी दोन्ही हात वर केले.

तोवर मला वाटत होतं, की हे एक मोठं काम मी करते आहे. हात वर गेले आणि मोठेपणा सगळा गळून पडला. काखेतली शिवण उसवली होती. शिंप्याची पोर आणि काखेत उसवलेली, हे त्या सगळ्यांना दिसत होतं. जमादार बघत होता. वारा थेट अंगाला लागत होता. बघायचं कुठं तेच कळेना, म्हणून मी मान वळवून पलीकडच्या भिंतीकडे बघायला लागले. मग लक्षात आलं, देवकाबाईही तिथंच बघायची.

ती माझ्यासमोर आली. तिनं हात पुढे केला. तो माझ्या खांद्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. मग तिनं माझ्या केसांत अडकलेला रुईचा एक पुंजका काढला आणि शेठकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "हे निंगालं. आनखीन काही नाही." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण आवाज खणखणीत होता.

मी हात खाली घेतले. माझ्या मागे घरी जायला मुनीमजी उभे होते, हातात डबा. सगळ्या रांगेनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसऱ्या माणसाचं तोंड एवढंसं झालं. मग त्यांनी आपणच डब्याचं झाकण उघडून दाखवलं. "अर्धी भाकर आन् ठेचा आहे बाप्पा," ते म्हणाले, आणि ती अख्खी रांग हसली. हसता हसता सगळ्यांच्या नजरा ऑफिसच्या दाराकडे गेल्या. त्यांच्यानंतर कोण, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

शेठ पायऱ्या उतरून गेटपर्यंत आला. त्यानं हात वर केले नाहीत, आणि ते मला अपेक्षितही नव्हतं. माझ्यापुढे उभा राहून म्हणाला, "झडती बंद. पण यापुढे माल गेला तर जबाबदार तुम्ही."

"हो," मी म्हटलं. माझ्या आयुष्यातली मला आठवणारी सगळ्यात मोठी प्रार्थना तेवढीच आहे.

मग तसंच उभ्या उभ्या मी दुसरी गोष्ट मागितली. उकिरड्यात जाणारं झाडण, ज्या बाईच्या घरी बाळंतपण असेल तिला द्यावं. गेटवर, सगळ्यांसमोर, हातात द्यावं. शेठ गाडीत बसता बसता "द्या" म्हणाला. इतकं सोपं होतं ते. आजवर कोणी विचारलंच नव्हतं. देवकाबाईला रुईच्या खोलीतून काढून बाहेर कापसाच्या गंजीवर पाठवलं गेलं, ते मात्र मी थांबवू शकले नाही, आणि खरं सांगायचं तर थांबवलंही नाही. चोरी झाली होती. पहिलं पुडकं तिलाच दिलं. तिनं ते घेतलं नाही, लेकीला पाठवलं घ्यायला. तिचा मान तिच्यापाशी. पुढं ती लेकीकडे मलकापूरला राहायला गेली. ती गादी झाली का, कशी झाली, मी कधी विचारलं नाही.

तेव्हापासून बाळंतपणाची रुई ही आमच्या गेटची रीत झाली. अडाणी, देवभोळी, विहारातली, मशिदीच्या गल्लीतली, सगळ्यांच्या नातवंडांखाली ती गेली आहे. गादी शिवायचं कोणी नसेल तर शेवटपर्यंत बाबा शिवून देत. मोतीबिंदू काढल्यावर त्यांना पुन्हा नीट दिसायला लागलं होतं.

हे सगळं आता आठवायचं कारण बाभळी नाहीत. कारण छोटे शेठ आहेत. मोठे शेठ गेल्यावर कारभार मुलाकडे आला. पोरगा शिकलेला, गोड बोलणारा, मला आंटी म्हणतो. त्यानं फॅक्टरीभर कॅमेरे लावले, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. परवा मात्र बोलावून म्हणाला, "आंटी, सोमवारपासून गेटवर चेकिंग. मुलगी ठेवली आहे मी. आणि ते झाडण देणं बंद करू, त्यातून माल जातो. यात वाईट वाटून घेऊ नका. मॉलमध्ये नाही का तपासत?"

"मॉलचा मालक जाताना त्यालाही तपासतात का?" मी विचारलं. तो छान हसला आणि त्याचा फोन वाजला.

ती मुलगी म्हणजे अश्विनी. दुसरबीड गावची. इथं नात्यात राहते, पहिलीच नोकरी, युनिफॉर्म अजून घडीचा. शनिवारी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, झडती कशी घ्यायची असती? मला कोणी शिकीवलं नाही." मी म्हटलं, "आधी हात वर कर, मग शिकवते." तिनं केले. मी जागेवरून उठले नाही, तिला हातही लावला नाही. नुसती बसून बघत राहिले. थोड्या वेळानं तिचे कान लाल झाले आणि हात आपोआप खाली आले. तेवढ्यावर मी तिला घरी जायला सांगितलं, आणि नंतर वाटलं, पोरीवर उगाच जास्त झालं.

आज रविवार. सकाळी उपासनेला गेले होते. शेवटी पाळकसाहेबांनी हात वर केले, सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी घातली नाही. त्यांच्या हातांकडे बघत राहिले. वय झालंय त्यांचं, हात वर धरताना थरथरतात.

निवृत्तीला माझे थोडेच हंगाम राहिलेत. माझं पोरगं म्हणतं, आई, आता कशाला वाकड्यात शिरतेस, गप्प बस की. त्याचंही खरं आहे. मागच्या वेळी शेठला लाज होती, म्हणून निभावलं. या छोट्या शेठला असेल का, मला माहीत नाही. नसली तर मंगळवारी मी घरी असेन. पण उद्या भोंगा झाल्यावर रांगेत सगळ्यात पुढे मी असणार आहे, एवढं ठरलं आहे. आज दुपारी ब्लाउजच्या काखा नीट शिवून घेतल्या. डबल टीप मारली.

आत्ता दिवेलागणीला फोन वाजला. अश्विनी होती.

"मॅडम, उद्या तुमी पुढं उभ्या राहणार हायेत म्हणं. बाया बोलत होत्या."

"हो. तुझी नोकरी आहे, तू तुझं काम कर. माझी झडती घे. मी हात वर करीन."

पलीकडे तिनं टीव्ही बंद केला.

"न्हाई जमायचं मला," ती म्हणाली. "पहिल्या तुमी उभ्या ऱ्हा. तुमच्या मागं मी."